‘ऑल-इन-वन’ संगणक : किंमत आणि मोल

टेबलावर एक पडदा, त्यापुढे कीबोर्ड आणि माऊस; शेजारी ‘सीपीयू’चा डबा नाही आणि मागे तारांचा गुंताही नाही, अशा संगणकास ‘ऑल-इन-वन’ असे म्हणतात. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, स्पीकर, कॅमेरा हे सारे पडद्याच्या पाठीशीच बसवलेले असते. शहरांतील घरांत जागेची टंचाई असल्याने ही रचना चटकन पसंत पडते. बँकेचा काउंटर, डॉक्टरांचा दवाखाना, हॉटेलचा स्वागतकक्ष अशा ठिकाणीही ती आता सर्रास दिसते.

या वर्गातील सर्वात परिचित नाव म्हणजे ‘अ‍ॅपल’ कंपनीचा ‘आयमॅक’. दर एक-दोन वर्षांनी त्याची सुधारित आवृत्ती येते, तिच्या वेगाचे आकडे प्रसिद्ध होतात आणि ‘आता घ्यावा का?’ हा प्रश्न नव्याने उभा राहतो. त्याचे उत्तर केवळ वेगाच्या आकड्यांत सापडत नाही. सुट्या भागांच्या संगणकात एक भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो. ऑल-इन-वनमध्ये पडदा आणि यंत्र यांची गाठ कायमची बांधलेली असते. म्हणून त्याची किंमत आणि त्याचे मोल या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात.

संकल्पनेचा प्रवास

सर्व काही एकाच पेटीत बसवण्याची कल्पना जुनी आहे. १९७७ मध्ये आलेल्या ‘कमोडोर पेट’ या संगणकात पडदा, कीबोर्ड आणि कॅसेट यंत्र एकत्रच होते. २४ जानेवारी १९८४ रोजी अ‍ॅपलने सादर केलेला पहिला ‘मॅकिंटॉश’ही याच जातकुळीचा. त्याचा पडदा ९ इंची, मेमरी १२८ किलोबाइट आणि किंमत २,४९५ डॉलर होती.

६ मे १९९८ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो येथे पहिला आयमॅक जाहीर केला. १५ ऑगस्ट १९९८ पासून तो विक्रीस आला. जोनाथन आइव्ह यांच्या चमूने रचलेल्या या संगणकाचे निळसर, अर्धपारदर्शक प्लास्टिकचे कवच तेव्हा जगभर चर्चेचा विषय ठरले. त्यात १५ इंची काचनळीचा पडदा, २३३ मेगाहर्ट्झचा ‘पॉवरपीसी जी-३’ प्रोसेसर, ३२ मेगाबाइट मेमरी आणि ४ गिगाबाइटची हार्डडिस्क होती. फ्लॉपी ड्राइव्ह मात्र नव्हता. त्याऐवजी ‘यूएसबी’वर भर दिला गेला होता. किंमत १,२९९ डॉलर.

२००२ मध्ये अर्धगोलाकृती बैठकीवर पोलादी दांड्याने पेललेला सपाट पडदा आला. २००४ च्या ‘आयमॅक जी-५’मध्ये सारी यंत्रणा थेट पडद्यामागे गेली आणि आजची रचना रूढ झाली. जानेवारी २००६ मध्ये इंटेलचे प्रोसेसर आले, ऑगस्ट २००७ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची चौकट आली. २०१२ मध्ये कडा ५ मिलिमीटरपर्यंत पातळ झाल्या आणि डीव्हीडी ड्राइव्ह काढून टाकण्यात आला. ऑक्टोबर २०१४ मध्ये २७ इंची आवृत्तीला ५१२० गुणिले २८८० ठिपक्यांचा ‘फाइव्ह-के’ पडदा मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने स्वतःची ‘एम-१’ चिप बसवलेला, अवघ्या ११.५ मिलिमीटर जाडीचा २४ इंची आयमॅक बाजारात आणला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास ‘एम-३’ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘एम-४’ ही चिप देण्यात आली. ‘एम-२’ चिपचा आयमॅक निघालाच नाही.

२०२४ च्या आवृत्तीत नवे काय?

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झालेल्या आवृत्तीचे बाह्यरूप २०२१ प्रमाणेच आहे. तीच जाडी, तोच ४४८० गुणिले २५२० ठिपक्यांचा पडदा. बदल आतील आहेत. मूळ मॉडेलमधील मेमरी ८ वरून १६ गिगाबाइट झाली. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आला. बोलणाऱ्या व्यक्तीला तो चौकटीच्या मध्यभागी ठेवतो आणि टेबलावरील कागदही वरून पाहिल्याप्रमाणे दाखवू शकतो. वरच्या मॉडेलांसाठी प्रकाशाचे परावर्तन कमी करणारी विशेष काच जादा पैसे देऊन घेता येते. कीबोर्ड आणि माऊसच्या चार्जिंगसाठी ‘लाइटनिंग’ऐवजी ‘यूएसबी-सी’ आले. माऊसचे चार्जिंगचे छिद्र मात्र तळाशीच राहिले. चार्जिंग सुरू असताना माऊस वापरता येत नाही, ही जुनी तक्रार त्यामुळे कायम राहिली.

या सुधारणांत मेमरीची वाढ सर्वात मोलाची आहे. या चिपमध्ये मेमरी प्रोसेसरच्या सोबतच जडवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली, तेवढीच शेवटपर्यंत. ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस पाने उघडी, सोबत व्हिडिओ कॉल आणि एखादा छायाचित्र-संपादनाचा प्रोग्रॅम अशा रोजच्या वापरात ८ गिगाबाइट मेमरी लवकर अपुरी पडते. ‘एम-१’च्या तुलनेत दैनंदिन कामांत कमाल १.७ पट वेग मिळेल, असा कंपनीचा दावा होता. पत्रव्यवहार, हिशेब, वाचन, चित्रपट यांसाठी संगणक वापरणाऱ्यास हा फरक फारसा जाणवणार नाही. दुप्पट मेमरीचा लाभ मात्र त्यालाही मिळेल आणि यंत्राचे उपयुक्त आयुष्य त्याने वाढेल.

मूळ मॉडेल आणि वरची मॉडेले यांतील भेदही ध्यानात घेण्याजोगा आहे. मूळ मॉडेलमध्ये प्रोसेसरचे ८ गाभे आणि दोन थंडरबोल्ट छिद्रे आहेत. त्यापुढील मॉडेलमध्ये १० गाभे, चार छिद्रे, बोटाच्या ठशाने उघडणारा कीबोर्ड आणि वीजजोडणीच्या अ‍ॅडॉप्टरमध्येच इथरनेटची सोय आहे. भारतात या दोहोंच्या जाहीर किमती अनुक्रमे १,३४,९०० आणि १,५४,९०० रुपये होत्या.

डॉलर, रुपया आणि कर

१९९८ चा पहिला आयमॅक १,२९९ डॉलरचा होता. २०२१, २०२३ आणि २०२४ च्या मूळ मॉडेलांची किंमतही १,२९९ डॉलरच होती. सव्वीस वर्षांतील महागाई लक्षात घेतल्यास अमेरिकी ग्राहकासाठी हा संगणक बराच स्वस्त झाला, असे म्हणावे लागेल.

भारतीय ग्राहकाचा हिशेब निराळा आहे. १९९८ मध्ये डॉलर सुमारे ४२ रुपयांना होता. त्या दराने १,२९९ डॉलर म्हणजे साधारण साडेचोपन्न हजार रुपये. २०२४ च्या अखेरीस डॉलर ८४ रुपयांवर पोहोचल्याने तेवढ्याच डॉलरचे सुमारे १ लाख ९ हजार रुपये झाले. अमेरिकेतील जाहीर किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. भारतातील किमतीत १८ टक्के ‘जीएसटी’ आधीच मिळवलेला असतो. तो धरला की आकडा १ लाख २९ हजारांच्या जवळ जातो. म्हणजेच १,३४,९०० रुपयांपैकी कंपनीने भारतासाठी म्हणून चढवलेला भाग सहा हजारांच्या आसपास उरतो. ‘परदेशातून आणला तर अर्ध्या किमतीत’ हा समज या मॉडेलापुरता तरी खरा नाही.

सरकारी धोरणाचाही या वर्गाशी थेट संबंध आला आहे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉप, टॅब्लेट यांच्याबरोबर ऑल-इन-वन संगणकांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले. दुसऱ्याच दिवशी त्यास मुदतवाढ मिळाली आणि नोव्हेंबर २०२३ पासून आयातीपूर्वी नोंद करून अनुमती घेण्याची पद्धत आली. आयात केलेल्या संगणकाची उपलब्धता अशा निर्णयांवरही अवलंबून असते.

पडद्याचे आयुष्य, यंत्राचे आयुष्य

चांगला पडदा दहा-बारा वर्षे सहज टिकतो. प्रोसेसर आणि मेमरी मात्र सहा-सात वर्षांत मागे पडतात. कधी वेग अपुरा पडतो म्हणून, तर कधी नव्या कार्यप्रणालीचे दार बंद होते म्हणून. सुट्या भागांच्या संगणकात या दोन आयुष्यांतील तफावत त्रासदायक ठरत नाही. ऑल-इन-वनमध्ये मात्र यंत्र थकले की सुस्थितीतील पडदाही त्याच्यासोबत निवृत्त होतो.

२०१४ चा फाइव्ह-के आयमॅक हे याचे बोलके उदाहरण आहे. २,४९९ डॉलर किमतीच्या या संगणकाचा पडदा त्या काळात अद्वितीय होता आणि १ कोटी ४७ लाख ठिपक्यांचे ते चित्र आजही सुरेख दिसते. मात्र २०२० ची ‘बिग सर’ ही त्यास मिळालेली शेवटची मॅकओएस ठरली. २०२१ च्या आवृत्तीने त्यास वगळले. म्हणजे पडदा ऐन तारुण्यात असताना यंत्र सातव्या वर्षी निवृत्त झाले.

त्यापूर्वीच्या काही आयमॅकमध्ये एक सोय होती. २००९ पासून २०१४ पर्यंतच्या अनेक मॉडेलांना दुसऱ्या मॅकशी तारेने जोडून केवळ मॉनिटर म्हणून वापरता येत असे. फाइव्ह-के पडदा आला आणि ही सोय गेली. काही हौशी तंत्रज्ञ जुना आयमॅक उघडून आत निराळे नियंत्रक सर्किट बसवतात आणि त्याचा मॉनिटर करतात, पण ते प्रत्येकाच्या आवाक्यातील काम नव्हे. २०२१ च्या ‘मॉन्टेरे’ प्रणालीपासून २०१९ व त्यानंतरच्या आयमॅकवर दुसऱ्या उपकरणाचे चित्र बिनतारी दाखवता येते. तेही त्या आयमॅकची स्वतःची यंत्रणा चालू असेपर्यंतच.

‘अद्ययावत’ म्हणजे किती नवे?

नवी आवृत्ती आली म्हणजे तिच्यापुढे दीर्घ आयुष्य आहे, असे गृहीत धरता येत नाही. ४ ऑगस्ट २०२० रोजी अ‍ॅपलने २७ इंची आयमॅकची सुधारित आवृत्ती आणली. दहाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर, सर्व मॉडेलांत वेगवान एसएसडी, अधिक चांगला कॅमेरा; किंमत १,७९९ डॉलरपासून. कागदावर तो अत्यंत आकर्षक सौदा होता. परंतु त्याच्या सहाच आठवडे आधी, २२ जून २०२० रोजी, आपण इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःच्या चिपकडे वळत असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. मार्च २०२२ मध्ये २७ इंची आयमॅकची विक्री थांबली आणि जून २०२५ मध्ये, ‘मॅकओएस २६’ ही इंटेल संगणकांवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल, असेही स्पष्ट झाले. तिच्यानंतर सुरक्षाविषयक सुधारणा काही काळ मिळतात. नवी प्रणाली मिळत नाही.

तरीही त्या खरेदीदारांना सरसकट चुकीचे ठरवता येणार नाही. त्या २७ इंची आयमॅकच्या पाठीवर मेमरी बदलण्यासाठी एक झडप होती. बाजारातून मेमरी आणून ती १२८ गिगाबाइटपर्यंत वाढवता येई. ज्याचे काम इंटेलवर आधारित प्रोग्रॅममध्ये अडकलेले होते किंवा ज्याला त्याच संगणकावर विंडोजही चालवायची होती, त्याच्यासाठी ती अखेरची चांगली संधी होती. त्याच यंत्राचे मोल दोन ग्राहकांसाठी असे वेगवेगळे ठरले.

जुन्या साठ्यावरील सवलतीलाही हाच न्याय लागू पडतो. ऑक्टोबर २०२४ पूर्वी ‘एम-३’ आयमॅक पूर्ण किमतीत घेणाऱ्यास ८ गिगाबाइट मेमरी मिळाली; काही आठवड्यांनी त्याच किमतीत १६ मिळू लागली. नवी आवृत्ती येताच दुकानदार जुनी कमी दरात काढतात. ती सवलत जुन्या आणि नव्या आवृत्तीतील मेमरीच्या फरकाची भरपाई करते का, हे तपासावे. दहा टक्के सवलतीत निम्मी मेमरी घेणे हा तोट्याचा व्यवहार होय.

सुट्या भागांशी तुलना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत भाग निवडून संगणक जुळवून घेण्याची परंपरा महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला नवी नाही. मॉनिटर जुनाच ठेवून फक्त मदरबोर्ड बदलणे हा तिचा गाभा. आयमॅकची खरी तुलना याच विचाराशी करायला हवी, आणि ती अ‍ॅपलच्याच ‘मॅक मिनी’शी करता येते.

ऑक्टोबर २०२४ मध्येच आलेल्या ‘एम-४’ मॅक मिनीची भारतातील किंमत ५९,९०० रुपये होती. त्यातही १६ गिगाबाइट मेमरी आणि २५६ गिगाबाइट साठवण आहे. प्रोसेसरचे गाभे तर १०, म्हणजे मूळ आयमॅकपेक्षा दोन अधिक. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, कॅमेरा हे मात्र निराळे घ्यावे लागतात.

पहिला पर्याय मध्यम दर्जाच्या मॉनिटरचा. २७ इंची ‘फोर-के’ मॉनिटरसाठी तीस हजार आणि कीबोर्ड, माऊस, कॅमेऱ्यासाठी दहा हजार धरल्यास एकूण खर्च सुमारे एक लाख होतो. आयमॅकपेक्षा पस्तीस हजारांनी कमी. सात वर्षांनी यंत्र बदलायचे झाले तर साठ हजार पुरतात. चौदा वर्षांचा एकूण खर्च सुमारे १ लाख ६० हजार. त्याच काळात दोन आयमॅक घेतल्यास, किमती स्थिर आहेत असे मानून, २,६९,८०० रुपये लागतात.

दुसरा पर्याय तुल्यबळ पडद्याचा. अ‍ॅपलने मार्च २०२२ मध्ये आणलेला २७ इंची फाइव्ह-के ‘स्टुडिओ डिस्प्ले’ भारतात १,५९,९०० रुपयांना होता. तो आणि मॅक मिनी मिळून २,१९,८०० रुपये होतात. आयमॅकपेक्षा ८४,९०० रुपये अधिक, आणि कीबोर्ड-माऊस वेगळेच. सात वर्षांनी केवळ मिनी बदलल्यास चौदा वर्षांची बेरीज २,७९,७०० रुपये होते. दोन आयमॅकच्या खर्चाहून फक्त ९,९०० रुपये जास्त. त्या बदल्यात पडदा चौदाही वर्षे २७ इंची राहतो.

या दोन हिशेबांतून एक निष्कर्ष निघतो. ज्याला पडद्याचा दर्जा दुय्यम वाटतो, त्याच्यासाठी आयमॅक महाग आहे. ज्याला अक्षरे कोरल्यासारखी रेखीव आणि रंग अचूक हवेत, म्हणजे दिवसभर मजकूर वाचणारा संपादक, मुद्रितशोधक, छायाचित्रकार किंवा सजावटकार, त्याच्यासाठी पहिल्या सात वर्षांत आयमॅकइतका स्वस्त मार्ग दुसरा नाही. आयमॅकच्या किमतीतील मोठा वाटा त्याच्या पडद्याचा आहे. त्या पडद्याची गरज नसेल तर ते पैसे वाया जातात.

जादा पैसे कोठे घालावेत?

१६ वरून २४ गिगाबाइट मेमरीसाठी अमेरिकेत २०० डॉलर आणि भारतात २० हजार रुपये अधिक मोजावे लागत; २५६ वरून ५१२ गिगाबाइट साठवणीसाठीही तेवढेच. दोन्ही गोष्टी नंतर आतून वाढवता येत नाहीत. परंतु साठवण बाहेरून वाढवता येते: यूएसबी किंवा थंडरबोल्टने जोडलेला एसएसडी छायाचित्रे, चित्रपट, जुनी कागदपत्रे सांभाळण्यास पुरेसा वेगवान असतो. मेमरीला असा बाह्य पर्याय नाही. त्यामुळे हाती केवळ वीस हजार रुपये जादा असतील, तर व्हिडिओ संपादन किंवा मोठ्या छायाचित्रांचे काम करणाऱ्याने ते मेमरीवर खर्च करावेत. साधा घरगुती वापर असणाऱ्याने दोन्ही टाळून बॅकअपसाठी बाहेरची डिस्क घ्यावी.

कामाचे स्वरूप आणि प्रोग्रॅम

भारतीय ग्राहकाने विचारात घ्यावी अशी एक अडचण वेगाशी संबंधित नाही. हिशेबनीस आणि व्यापारी यांच्या रोजच्या वापरातील ‘टॅली’ विंडोजवर चालते. मॅकसाठी तिची स्वतंत्र आवृत्ती नाही. इंटेलच्या काळात ‘बूट कॅम्प’च्या साहाय्याने आयमॅकवर थेट विंडोज बसवता येई. अ‍ॅपलच्या चिपवर ती सोय नाही. ‘पॅरलल्स’सारख्या प्रोग्रॅममधून विंडोजची एआरएम आवृत्ती चालवता येते आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यास अधिकृत मान्यताही दिली. मात्र त्यासाठी वेगळा खर्च येतो आणि प्रत्येक जुना प्रोग्रॅम किंवा डिजिटल सहीचे उपकरण त्यात चालेलच, असे नाही. दुकानाचा किंवा कर सल्लागाराचा संगणक म्हणून आयमॅक त्यामुळे गैरसोयीचा ठरतो.

मराठीत लिहिणाऱ्यांना निराळी काळजी घ्यावी लागते. मॅकओएसमध्ये देवनागरीचे फाँट आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मुळातच समाविष्ट असल्याने युनिकोड मराठीची अडचण नाही. परंतु जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेला मजकूर ज्यांच्याकडे साठलेला आहे, अशा छापखान्यांनी आणि प्रकाशकांनी आपल्या फाइली नव्या संगणकावर उघडतात की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

तिसरी बाब विजेची. लॅपटॉपला बॅटरी असते, ऑल-इन-वनला नसते. वीज गेली की न साठवलेले काम गेलेच. आयमॅकचा अ‍ॅडॉप्टर १४३ वॅटचा असल्याने साधा घरगुती यूपीएस पुरतो, पण त्याची किंमत हिशेबात धरावी.

दुरुस्ती आणि सेवा

२००४ च्या आयमॅक जी-५ची पाठ स्क्रू सैल करून उघडता येई आणि अनेक भाग ग्राहकाला स्वतः बदलता येत. २०१२ पासून पडदा चौकटीला चिकटवला जाऊ लागला. दुरुस्तीसाठी तो चिकटपट्टा कापावा लागतो. नव्या आयमॅकमध्ये मेमरी आणि साठवण दोन्ही मुख्य सर्किटवर असल्याने एखादा भाग बिघडला तरी मोठा खर्च उद्भवू शकतो. वाढीव हमी लॅपटॉपपेक्षा येथे अधिक उपयोगी पडते, ती यामुळेच.

विक्री बंद झाल्यापासून पाच वर्षांनी उत्पादन ‘व्हिंटेज’ आणि सात वर्षांनी ‘कालबाह्य’ मानण्याचे अ‍ॅपलचे धोरण आहे. त्यानंतर अधिकृत सुटे भाग मिळत नाहीत. ही मुदत खरेदीपासून नव्हे, तर विक्री थांबल्यापासून मोजली जाते. म्हणजे नवी आवृत्ती बाजारात येताच लगेच घेणाऱ्यास सेवेची वर्षे जास्त मिळतात आणि तीच आवृत्ती दोन वर्षांनी घेणाऱ्यास कमी. संपूर्ण संगणकाचे वजन साडेचार किलोंच्या आत असले, तरी २४ इंची काच सांभाळत सेवाकेंद्र गाठणे हे खोक्याशिवाय जिकिरीचे काम आहे. त्यामुळे मूळ खोके जपून ठेवावे.

वापर संपल्यावर हा संगणक भंगारवाल्याकडे देणे योग्य नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

विंडोजवरील पर्याय

एचपी, लेनोव्हो आदी कंपन्यांचे ऑल-इन-वन आयमॅकपेक्षा पुष्कळ कमी किमतीत मिळतात. त्यांत बहुधा लॅपटॉपच्या दर्जाचे प्रोसेसर असतात आणि २४ इंची पडद्यावर १९२० गुणिले १०८० एवढेच ठिपके. आयमॅकचा पडदा त्याच्या पाचपटींहून अधिक ठिपके दाखवतो. मात्र त्यांतील अनेक मॉडेलांत मेमरी आणि एसएसडी बदलता येतात. काही मॉडेलांत बाहेरून चित्र घेणारे एचडीएमआय छिद्रही असते. यंत्र जुने झाल्यावर त्याचा साधा मॉनिटर होऊ शकतो.

महागड्या श्रेणीत मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये २८ इंची ‘सरफेस स्टुडिओ’ आणला होता. त्याचे उत्पादन २०२४ मध्ये संपुष्टात आले. विंडोजवरील जुने ऑल-इन-वन घेणाऱ्यांनीही सावध राहावे. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा यंत्रणा व ठरावीक पिढीपुढील प्रोसेसर आवश्यक आहे. स्वस्तात मिळणारा जुना संगणक या अटीत बसत नसेल, तर त्याचा पडदा कितीही चांगला असला तरी त्याचे मोल फारसे उरत नाही.

खरेदीपूर्वी तपासावे असे काही

० पुढील सहा-सात वर्षांच्या कामाला मेमरी पुरेल का? ऑल-इन-वनमध्ये आजच्या गरजेपेक्षा एक पायरी वरची मेमरी घेणे हिताचे.

० नवी आवृत्ती केव्हा आली आहे? ती येऊन दीड वर्ष उलटले असेल, तर थोडे थांबणे किंवा भरघोस सवलत मागणे योग्य.

० कंपनी प्रोसेसरची जात किंवा कार्यप्रणाली बदलण्याच्या बेतात आहे का? २०२० चा अनुभव याबाबत पुरेसा आहे.

० आवश्यक प्रोग्रॅम, प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सही त्यावर चालतात का?

० पडद्याची उंची सोयीची आहे का? आयमॅकचा पडदा पुढे-मागे कलतो, पण वर-खाली होत नाही. भिंतीवर किंवा हातावर बसवायचा असल्यास तशी आवृत्ती मागणी नोंदवतानाच निवडावी लागते. नंतर बदल करता येत नाही.

० यंत्र थकल्यावर पडद्याचा उपयोग करता येईल का?

२०२४ चा आयमॅक या कसोट्यांवर घरातील सामाईक संगणक, लेखन-वाचन, शिक्षण आणि मध्यम स्वरूपाचे छायाचित्र-संपादन यांसाठी चांगला उतरतो. इंटेलचा किंवा ८ गिगाबाइट मेमरीचा ‘एम-१’ आयमॅक वापरणाऱ्यास तो बदल जाणवेल. ‘एम-३’ वापरणाऱ्याने मात्र केवळ नव्या चिपसाठी खर्च करण्याचे कारण नाही. २७ इंची पडद्याची सवय झालेल्यांना २४ इंचांत अडचण वाटेल आणि टॅलीवर व्यवसाय असणाऱ्यांसाठी हा संगणकच नव्हे. ज्यांच्या घरी उत्तम मॉनिटर आधीच आहे, त्यांनी तर आयमॅककडे न पाहता मॅक मिनीचाच विचार करावा. पंच्याहत्तर हजार रुपयांची बचत होईल आणि चांगला पडदा अडगळीतही जाणार नाही.